शेकोटीवरची पुस्तकं

आमच्याकडे चैत्र संपायच्या आत माणसं सावल्या पारखायला लागतात. लिंबाची सावली वेगळी, पत्र्याची वेगळी, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. अशा मुलखात, धारूरचा घाट उतरून तेलगावकडे जाताना लागणाऱ्या एका गावात, माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात शेकोटी बांधली. साहेब लोकांच्या घरात असायची तशी: भिंतीत चौकोनी खळगा, दोन बाजूंना नक्षीचे खांब, खांबांवर रुंद सागवानी फळी, आणि त्या फळीवर थेट छतापर्यंत पुस्तकांचं कपाट. शेकोटी पाहून मी हसलो. पुस्तकांच्या बाबतीत मात्र मी मदत केली. पुढं जे झालं ते शेकोटीमुळं नाही, त्या मदतीमुळं झालं.

गृहस्थ माजी सभापती. पद जाऊन बरीच वर्षं झाली, हाक गेली नाही; घरातली माणसंही परक्यासमोर त्यांना सभापतीच म्हणतात. मी कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळं मला सगळे सर म्हणतात. दोन माजी माणसांचं जमतं. बांधकाम चालू असताना त्यांनी मला शेकोटी दाखवायला नेलं.

"धूर कुठून जाणार?" मी विचारलं.

"कशाचा धूर? पेटवायचं काय हाय हितं? बल्ब लागतेत आत, लाल. हलतेत बी. जाळ वाटतोय लांबून."

"आणि पुस्तकं?"

"ती बी यायलीत."

ती पुस्तकं म्हणजे पुस्तकांच्या पाठी होत्या. संभाजीनगरहून आलेल्या इंटिरिअरवाल्यानं नकाशात तशीच सोय केली होती: हलक्या फोमवर चिकटवलेल्या रेक्झिनच्या पाठी, त्यांवर सोनेरी अक्षरं, मागं काही नाही. मी दोन-चार हातात घेऊन बघितल्या. एकाच नावाचे सात ग्रंथ होते आणि ते नाव कुठल्याही भाषेतलं नव्हतं.

तिथं गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यभर पुस्तकांची निगा राखलेल्या माणसाचा अहंकार अशाच जागी जागा होतो. मी म्हणालो, "सभापती, एखादा शिकलेला पाहुणा आला आणि त्यानं एक ओढून बघितलं तर? हसू होईल. खरी ठेवा. मी देतो मिळवून."

हसू होईल हे शब्द पुढाऱ्याला बरोबर लागतात. त्यांनी फोमच्या पाठी त्याच दिवशी परत पाठवल्या.

अंबाजोगाईला एका वकिलाच्या माघारी त्यांच्या घरात कायद्याचे जुने खंड पडून होते. कातडी बांधणी, जाड कागद, एकेक खंड उचलताना मनगट वाकावं असा. ते आणले. माझ्या घरातले दुबार प्रतींचे गठ्ठे आणले. पिकअपच्या दोन खेपा झाल्या. लावायला मीच उभा राहिलो. कायद्याचे खंड सगळ्यात वर, कारण लाल-काळ्या पाठी सोफ्यावरून उठून दिसतात. शिवाय जी पुस्तकं कुणी वाचणार नाही त्यांना सगळ्यात उंच फळी द्यावी, हा मी कॉलेजात वापरलेला नियम. हा विनोद मी तिथं मोठ्यानं सांगितलाही. सगळे हसले.

कपाट केलं होतं घाटनांदूरच्या मिस्त्रीनं. माझ्या घरातली मांडणी त्यानंच केलेली. वीस वर्षं झाली, फळीला बाक नाही. त्याची एक रीत आहे. काम झालं की तो वस्तूला खांदा लावतो आणि सगळं अंग टाकून रेटतो. हलली नाही तरच हत्यारं पिशवीत भरतो. इथं मात्र त्यानं तसं केलेलं मला दिसलं नव्हतं. मी पुस्तकं लावली त्या आठवड्यात तो गावी लग्नाला गेला होता. परत आला तो थेट वास्तुशांतीच्या जेवणाला.

पंगत उठली होती. सभापती सोफ्यावर, भोवती माणसं, सगळ्यांच्या नजरा शेकोटीवर. मिस्त्री हात पुसत आत आला, त्यानं वर पाहिलं आणि पुसता पुसता थांबला. मग मला बाहेर ओसरीत घेऊन आला.

"सर, ते पुस्तकं खरे हायेत?"

"खरी. का?"

"कुनी सांगितलं खरे ठिवायला?"

मी सांगितलं, कुणी ते.

त्यानं डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "सर, ते फोमचं काम व्हतं. मागची भिंत चार इंची हाय, जिन्याची. तिच्यावर प्लायचा खोका केलाय, धुराडं दिसावं म्हनून. आन कपाट त्या खोक्याला. खांब नुसते दिखाव्याचे. सगळं आठ गिट्ट्यांवर लटकलंय." भिंतीत भोक पाडून त्यात प्लास्टिकची गिट्टी ठोकतात आणि तिच्यात स्क्रू पिळतात, आठ गिट्ट्या म्हणजे आठ बोटं. "म्हनून मी खांदा लावला न्हाई त्याला. ते खांदा लावायचं काम न्हाई. बघायचं काम हाय."

"मग आता?"

"वरच्या बीमला लोखंडी पट्ट्या मारायच्या. दोन तासांचं काम."

आम्ही दोघं आत गेलो. मिस्त्री नुसता ड्रिल हा शब्द बोलला आणि सभापतींची आई उठून उभी राहिली. सारं घर तिला माय म्हणतं.

"आज वास्तुपुरुष निजवलाय. त्याच्या उरावर हातोडा मारता का? सव्वा महिना या घरात खिळा ठोकायचा न्हाई."

"माय, जरा कपाट..."

"कपाटाला काय झालंय?"

वीस माणसं बघत होती. सभापतींनी हसत विचारलं, "काय बे मिस्त्री, पडतंय का काय तुझं काम?"

आता या प्रश्नाला त्या जागी, त्या दिवशी, वास्तुशांतीचा नारळ अजून ओला असताना काय उत्तर द्यायचं? नव्या घरात अभद्र बोलू नये ही आमच्याकडची पहिली शिकवण. मिस्त्री म्हणाला, "न्हाई सभापती. काय होत न्हाई." मी शेजारी उभा होतो. मी असल्या गोष्टी मानत नाही असं गावाला माहीत आहे. पण न मानणं वेगळं आणि दुसऱ्याच्या आईसमोर तिच्या नव्या घरात 'हे पडणार' म्हणणं वेगळं. मीही काही बोललो नाही.

जाताना मिस्त्रीनं फटीची खूण सांगितली. कपाटाचा वरचा काठ आणि भिंत यांच्यामध्ये बघत राहा म्हणाला. तिथं फट दिसते का, आणि दिसली तर वाढते का.

मग मी दर दोन-तीन दिवसांनी तिथं जायला लागलो. पुस्तकांची यादी करायची आहे, असं सांगायचो. स्टुलावर चढायचो आणि फटीत काहीतरी घालून बघायचो. पहिल्यांदा वर्तमानपत्राचा कागद गेला. पुढच्या वेळी वास्तुशांतीची निमंत्रणपत्रिका घालून बघितली. पत्रिका जाड होती, सोनेरी काठाची, मधोमध उठावाचा गणपती. ती अर्धी गेली आणि गणपतीपाशी अडकली. मला उगीच बरं वाटलं. पाच दिवसांनी गणपतीही आत गेला.

आणि त्या कपाटाखाली, शेकोटीच्या खळग्यात, सभापतींचे वडील बसलेले असायचे.

म्हाताऱ्यानं सारं आयुष्य बालाघाटाच्या कडेला मेंढरं राखण्यात घालवलं होतं. लेकाची शेती, लेकाचं राजकारण, लेकाचा बंगला हे सगळं त्यानं पाहुण्यासारखं बघितलं. सोफ्यावर तो एकदा बसला, आणि "आत बुडल्यासारखं व्हतंय" म्हणून उठला. शेकोटीला तो देवळी म्हणायचा. तिच्या तळाला काळा ग्रॅनाइट होता. वास्तुशांतीच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं लाल बल्ब काढून ठेवले, घोंगडं अंथरलं, पाठ भिंतीला लावली आणि पाय बाहेर पसरून बसला. सकाळचं ऊन चढल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिथंच. येणारे-जाणारे हसायचे. सभापती म्हणायचे, "आबाला गार लागतंय तिथं." मीही हसून घेतलं होतं. फट बघायला लागल्यावर हसू येईना.

एका दुपारी मी सभापतींना ओसरीत एकट्यात गाठलं.

"वरचं कपाट सैल झालंय. पुस्तकं तरी उतरवू."

"सर, तुमीच चढवली न्हवं?"

"मीच. चुकलं माझं."

"मिस्त्रीला वीस मान्सांत इचारलं मी. त्यो न्हाई म्हनला." ते मोबाईलमध्ये बघत होते. "रोज मानसं यायलेत बघायला. रिकामं कपाट दावू का त्यास्नी? सव्वा महिना तर हाय. किती दिस राहिले आता?"

दिवस त्यांना माहीत नव्हते. मला माहीत होते. वीस राहिले होते.

म्हणजे आता म्हाताऱ्यालाच उठवायचं एवढा उपाय उरला. मी खाली त्याच्याजवळ ग्रॅनाइटवर बसलो. खरोखर गार होतं.

"आबा, इथं बसू नका."

"कावून?"

"वरचं लाकूड सुटतंय भिंतीपासून. पडलं तर अंगावर येईल."

त्यानं वर पाहिलं नाही. माझ्याकडंही पाहिलं नाही. समोर दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या दोन नाती भातुकलीचं बोचकं घेऊन उभ्या होत्या. लहान, पाच-सहा वर्षांच्या.

"ठावं हाय मला," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पाह्यजे. बोलतंय ते. ऊन कललं की बोलतंय."

"मग उठा की!"

"उठलो की त्या येत्यात." त्यानं हनुवटीनं नातींकडं दाखवलं. "पयल्या दिशीच हितं चूल मांडली व्हती त्यांनी. घर वाटतंय न्हवं त्यास्नी, बारकं. हाकललं तर माझा डोळा लागला की परत. म्हनून मीच बसतो. मी बसल्यावर जागा न्हाई उरत."

मी वर, फळीच्या खालच्या बाजूकडं पाहिलं.

"दरडीखाली मेंढरं शिरत्यात पावसाची," तो सांगू लागला, जणू गप्पाच चालल्या होत्या. "दरड कधी सुटंल सांगता येत न्हाई. हाकलून येत न्हाईत ती. मग मान्सानं तोंडाशी बसावं लागतंय."

"सभापतींना सांगितलं तुम्ही?"

"तुमी सांगितलं न्हवं आत्ता, ओसरीत? शिकलेल्याचं ऐकंना, मेंढक्याचं काय ऐकतोय." आणि नातींकडं वळून, "ए भवान्यांनो! तिकडं जावा. आज देवळी बंद हाय."

त्याच वेळी डोक्यावर आवाज झाला. मोठा नाही. कुणीतरी आतल्या खोलीत सुपारी फोडावी एवढा. म्हातारा डोळे मिटून थांबला, मग उघडले. मला कळलं की हे तो रोज करतो.

मी उठलो, स्टूल ओढलं आणि कुणालाही न विचारता कायद्याचा पहिला खंड खाली घेतला. माय दारात आली.

"काय चाललंय सर?"

"पुस्तकं उतरवतो. याला हातोडा लागत नाही, माय."

तिनं क्षणभर विचार केला. वास्तुपुरुषाच्या बाजूनं हरकत दिसत नव्हती. ती आत गेली.

वरची अर्धी ओळ रिकामी झाली असेल, तोवर बाहेर गाड्या थांबल्या. सभापती चार पाहुण्यांना घेऊन आत आले. पांढरे कपडे, गळ्यात अजून कुठल्यातरी कार्यक्रमातले हार. सभापतींनी जमिनीवरचा ढीग पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "सर पुस्तकं पुसायलेत." मग तोंडावरचं हसू तसंच ठेवून माझ्याजवळ आले. "ठिवा वर."

"नाही ठेवणार."

"सर."

"माझी आहेत. मी नेतो."

त्यांनी ड्रायव्हरला आणि सालगड्याला हाक मारली. "सरांचं वय झालंय. तुमी लावा रे." गडी स्टुलावर चढला, ड्रायव्हर खालून खंड देऊ लागला. पाहुणे सोफ्यावर बसले. चहा आला. मी मधोमध उभा होतो, हातात एक खंड घेऊन, आणि घरात शिकलेला मी एकटाच असल्याचा मला काही उपयोग नव्हता.

तेव्हा म्हातारा उठला. हे इतकं अनपेक्षित होतं की पाहुण्यांपैकी दोघं आदरानं उभे राहिले. त्यानं घोंगडं झटकलं, परत नीट अंथरलं आणि लेकाला हाक मारली. सभापती म्हणून नाही, पाळण्यातल्या नावानं.

"ये. बस हितं."

"आबा, पाहुणे हायेत..."

"पाहुन्यांनी बी बघू दे. एवढी हौसेनं बांधली, एकदा तरी बसलास का? लई गार लागतंय. ये."

चार माणसांत बापाला नाही म्हणता येत नाही. सभापती हसत हसत वाकले, डोकं सांभाळून खळग्यात शिरले आणि मांडी घालून बसले. त्यांच्या डोक्यावर गडी खंड लावत होता. म्हातारा बाजूला उभा राहिला, दोन्ही नातींचे हात एका मुठीत धरून.

"आता गप बस जरा," तो म्हणाला. "ऐक."

गड्यानं एक खंड लावला. दुसरा लावला. तिसऱ्याला ते बोललं. या वेळी सुपारीएवढं नाही. बैलगाडीचं जू करकरावं तसं, लांबलेलं. सभापतींच्या पांढऱ्या खांद्यावर भिंतीचा चुना भुरभुरला. त्यांनी चुन्याकडं पाहिलं. मग वर पाहिलं, म्हणजे बघता येईल तेवढं, कारण तिथून वर फक्त फळीची खालची बाजू दिसते. ते लगेच उठले नाहीत. उठवत नसावं. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत आलो. निवडणूक हरले त्या दिवशीही तो असा नव्हता.

"आबा," ते हळू म्हणाले, "तुमी रोज बसता हितं?"

म्हाताऱ्यानं हात दिला. तो धरून ते बाहेर आले, आणि पाहुण्यांकडं न बघता म्हणाले, "सर, उतरवा समदी. सावकाश."

वरून खाली, एकेक ओळ, दिवे लागेपर्यंत आम्ही उतरवली. पाहुणे केव्हा गेले कळलं नाही. मायनं हातोड्याची बंदी काही उठवली नाही, पण टेकू चालेल म्हणाली. टेकूला ठोकावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं दोन बांबू आणून फळीला तिरपे लावले. पुढचे वीस दिवस येणारी माणसं ग्रॅनाइट, झुंबर आणि मधोमध बांबू असा दिवाणखाना बघून जात. आणि म्हातारा बांबूंच्या मध्ये घोंगड्यावर बसून राही. रिकामं झालंय की, आबा, आता तरी उठा, असं मी म्हणालो, तर म्हणाला, "लाकूड हायच की वर."

सव्वा महिना पुरा झाल्यावर सकाळीच मिस्त्री ड्रिल घेऊन आला. आधी कपाट सोडवून खाली घ्यायचं होतं. त्यासाठी स्क्रू उलटे पिळायचे असतात. पहिल्याला त्यानं पेचकस लावला आणि तो स्क्रू गिट्टीसकट त्याच्या हातात आला, पिकल्या बोरासारखा. दुसरा तसाच. आठांपैकी सहा असे निघाले. कपाट आम्ही पाच माणसांनी धरून खाली ठेवलं. मग मिस्त्रीनं भिंतीतल्या एका भोकात बोट घातलं. ते दुसऱ्या पेरापर्यंत गेलं, आणि आत फिरलं.

त्यानं बोट काढून चुना पुसला. मग म्हाताऱ्याला म्हणाला, "आबा, आवाज येत न्हवता का ओ?"

"यायचा की. रोज."

"मग कुनाला सांगायचं न्हाई का?"

म्हाताऱ्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"सरांनी सांगितलं व्हतं की," तो म्हणाला. "त्यांचा आवाज बी आला मला. बारका व्हता."

मिस्त्रीनं ड्रिल चालू केलं. मी शिडी धरली.